ढेपेच्या पोत्यातलं शिसं

आत्या,

उद्या तुझं पुण्यानुमोदन आहे, तुला जाऊन आठवडा होईल, आणि तिथे वाटायचं पत्रक अजून छापायला गेलेलं नाही. छपाईवाल्याचे सकाळपासून दोन फोन आले. दोन्ही वेळा मी "अर्ध्या तासात देते" म्हणाले. बाबा समोरच्या खोलीत बसलेत. आमच्यात बोलणं बंद आहे.

भांडण एका बकरीवरून आहे. कोणत्या, ते तुला सांगायला नको.

तुझा जन्म, नोकरी, निवृत्ती, पुलगावचं सासर, मागे कोण कोण आहे, हे सगळं बाबांनी लिहून दिलंय. 'प्रयोगशाळा परिचर म्हणून निष्ठेने सेवा' असंही त्यात आहे. तू वाचलं असतंस तर म्हणाली असतीस, "काचा धुतल्या म्हन नं सरळ." तुझ्या ड्रमांच्या कामाबद्दल मी लिहायचं असं ठरलं. मी लिहिलं. त्यात बकरीचा एक परिच्छेद आहे आणि बाबांना तो नको आहे. या माणसाने मला पुस्तकाच्या आधी पत्रकं वाचायला शिकवली. 'जाहीर'मधला ज आणि 'निषेध'मधला ष मी त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवरच्या गठ्ठ्यातून शिकले. आणि आज तेच म्हणतात, हे छापू नको.

मला त्यांच्यावर धड ओरडताही येत नाही. 'छापू नको' हे आधी मी म्हटलं होतं, गेल्या वर्षी, तुला.

मला तू नाल्यावर पहिल्यांदा नेलंस तो दिवस आठवतो. जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या शेडविरुद्ध मी पत्रक काढलं होतं. पिपरी मेघेच्या चौकात ते वाटलं, भिंतींवर चिकटवलं. मला वाटलं, तू पाठ थोपटशील. तू ओसरीवर बसून चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलंस आणि विचारलंस, "यात नाला कुठं हाये वो? मले तर सगळीकडं तूच दिसून राह्यली."

मी चिडले. तू म्हणालीस, चप्पल घाल.

नाल्याच्या काठी बाया पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावतात, त्या वाफ्यांपाशी तू मला उभं केलंस. शेडच्या मागून येणारी पन्हळ दाखवलीस. बॅटऱ्या धुतलेलं पाणी आंबट असतं, त्यात शिसं असतं, चुना टाकला की बरंचसं शिसं खाली बसतं, आणि जे उरतं ते डोळ्याला दिसत नाही, चवीला कळत नाही, पण लेकरांच्या अंगात जाऊन बसतं. हे सगळं तू चार वाक्यांत सांगितलंस. माझं पत्रक दोन पानांचं होतं आणि त्यात यातलं एक वाक्य नव्हतं.

मग तू शेडवाल्या शेठकडे गेलीस. मी ज्याला पत्रकात 'विषाचा व्यापारी' म्हटलं होतं, त्याच्यासमोर तू खुर्चीवर बसलीस, चहा घेतलास आणि म्हणालीस, "शेठ, तुमचं पानी मले द्या. मी साफ करून नाल्यात सोडतो." तो हसला. तीस वर्षं कॉलेजात परीक्षानळ्या धुतलेली बाई त्याचं पाणी धुणार! त्याने एकच अट घातली, त्याच्या नावाची पत्रकबाजी बंद. तू हो म्हणालीस. मी तुला त्या दिवशी तडजोडवाली म्हटलं. घरात, बाबांसमोर. तुझा चेहरा उतरला होता, मी पाहिलं होतं. तरी तू एवढंच म्हणालीस, "तू त्याले शिव्या दे, मी त्याचं पानी घेतो. दोघीबी कामाले लागू."

काम कसं होतं ते मी पत्रकात सोपं करून लिहिलंय. बेकरीत ब्रेड फुगवायला वापरतात ते यीस्ट. ते तू गुळाच्या पाण्यात वाढवायचीस आणि मग उकळून मारायचीस. शेठच्या शेडमध्ये मांडलेल्या ड्रमांतल्या पाण्यात ते सोडलं की मेलेल्या यीस्टच्या अंगालाही शिसं चिकटतं. "मेल्यावरबी काम करते पाह्य," तू बाबांना ऐकवायचीस, "नाईतर तू. जित्ता असून पडून राह्यतं." बाबा पेपरामागून म्हणायचे, "मले नको टाकू तुह्या ड्रमात." तुम्हा बहीणभावाचं हे रोजचं होतं.

पहिल्यांदा तू यीस्टचं पाणी फडक्यातून गाळलंस. पाणी स्वच्छ दिसलं, मी टाळ्या वाजवल्या. तपासणीचा कागद आला तर शिसं जवळजवळ तेवढंच. यीस्ट इतकं बारीक की फडक्यातून निसटत होतं आणि चिकटलेलं शिसं बरोबर घेऊन जात होतं. तू दोन दिवस तेच पाणी पुन्हा पुन्हा गाळून पाहिलंस. तिसऱ्या दिवशी घरचं पाणी शुद्ध करायच्या यंत्रातली मेम्ब्रेन घेऊन आलीस, पोकळ शेवयांच्या जुडीसारखी दिसणारी. त्या शेवयांच्या भिंतीतून पाणी जातं, यीस्ट जात नाही. ते बाहेर अडकतं, आपलं शिसं धरून.

आणि मग ते अडकलेलं यीस्ट शेवयांवर चिखलासारखं बसतं आणि पाण्याची धार बारीक होत जाते. म्हणून रोज सकाळी उलटं पाणी सोडायचं. दोन कॉक बंद, दोन चालू. उन्हाळ्यात तू पदर डोक्यावर घेऊन जायचीस. पत्र्याचं ते शेड मे महिन्यात भट्टीसारखं तापायचं.

शेवटी तपासणीचा चांगला कागद आला. मी लगेच मथळा लिहिला, 'शिसं संपलं!' तू पेन घेऊन तो खोडलास.

"नाई नोको लिहू. मशीनले दिसलं नाई, असं लिही."

"आत्या, लोकांना ते कळत नाही. ताकद जाते वाक्यातली."

"जाऊ दे नं मंग ताकद. तुले खरं लिहाचं हाये का जोरात लिहाचं हाये?"

हे भांडण आपण किती वेळा केलं असेल! मी म्हणायचे, जोरात लिहिल्याशिवाय कोणी ऐकत नाही. तू म्हणायचीस, ऐकल्यावर ते परत तपासायला येतात, तेव्हा काय दाखवशील? मी तुला भित्री म्हणायचे. तू मला भोंगा म्हणायचीस.

आता बकरी.

शिसं नाहीसं होत नाही, हे तू पहिल्या दिवसापासून सांगत होतीस. यीस्ट शिसं खात नाही, गोळा करतं. मग ते गोळा झालेलं ठेवायचं कुठे? शेठच्या बाकीच्या धोकादायक कचऱ्याबरोबर ते जायला हवं होतं. तो आज नाही, उद्या पाहू, करत राहिला. म्हणून वापरलेलं यीस्ट तू बादलीतून घरी आणायचीस, ओसरीवर ताटात वाळवायचीस आणि पोत्यात भरायचीस. पोतं जनावरांना घालतात त्या सरकीच्या ढेपेचं, रिकामं झालेलं. घरात तेच होतं. वाळलेले तुकडेही ढेपेसारखेच दिसायचे आणि वास तर भाजलेल्या पावासारखा.

मागच्या गल्लीतल्या द्रौपदाबाईची बकरी दावं तोडून ओसरीवर आली आणि ताटातलं खाऊन गेली. तू पाहिलंस तेव्हा ताट चाटून झालं होतं. दुसऱ्या दिवशी ती दात खाऊ लागली, भिंतीला डोकं लावून उभी राहिली. तिसऱ्या दिवशी मेली. ढोरांच्या डॉक्टरला द्रौपदाबाईनेच सांगितलं, प्लास्टिकची पन्नी खाल्ली असेल. त्यानेही मान हलवली.

तू त्याच दुपारी माझ्याकडे आलीस. उभ्यानेच म्हणालीस, "तिले सांगाले जाऊन राह्यली. अन तुह्या पुढच्या पत्रकात लिही. पोतं, ताट, सगळं."

पुढच्या आठवड्यात आमची सभा होती. प्रत्येक शेडला अशी यंत्रणा बसवायला लावा, ही मागणी घेऊन. मी तुझा हात धरला. अजूनही मला तो हात आठवतो, चुन्याने चिरलेला. मी म्हणाले, आत्ता नको. शेठ याच संधीची वाट पाहतोय, तो ड्रम बाहेर फेकेल. नाला पुन्हा होता तसा होईल. एका बकरीसाठी सगळ्या वस्तीचं पाणी जाईल. सभा होऊ दे, मग सांगू. मी शब्द घेतला तुझ्याकडून. माझं बोलणं ऐकताना मलाच ते फार पटत होतं.

तू पोत्यावर 'विष' असं लाल अक्षरात लिहायला रंग काढला होतास. मी म्हणाले, ओसरीवर विष लिहिलेलं पोतं दिसलं तर लोक काय म्हणतील? तू 'शिसं' म्हणालीस, मी तेही नको म्हणाले. शेवटी तू प्रयोगशाळेतल्यासारखी चिठ्ठी बांधलीस, दोन इंग्रजी अक्षरांची, रसायनशास्त्रात शिशाची खूण असते ती. ती खूण वाचू शकणारी माणसं आपल्या गल्लीत दोन होती. तू आणि मी. पोत्यात काय आहे ते आपण बाबांनाही सांगितलं नव्हतं.

सभा झाली. मग दुसरी झाली. तू द्रौपदाबाईला एक पाठ, तरणी बकरी, आणून दिलीस, का ते न सांगता. ती सगळ्यांना सांगत फिरली, मास्तरणीसारखी बाई, काय मन आहे! तुला ते सहन व्हायचं नाही. दर थोड्या दिवसांनी तू विचारायचीस, "कधी सांगाचं?" शेवटच्या रविवारी तू विचारलंस तेव्हा मी लॅपटॉपवरून मान वर केली नाही. म्हणाले, "तुला एवढंच सुचतं का गं?" कपबशी धुवून पालथी ठेवलीस आणि गेलीस.

मंगळवारी सकाळी ड्रमाकडे निघताना चप्पल घालायला वाकलीस आणि ओसरीवरच बसलीस. बाबा पाणी आणेपर्यंत आडवी झाली होतीस. डॉक्टर येईपर्यंत काही उरलं नव्हतं.

तुझ्यावर माती पडली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी ड्रमाकडे जाऊ लागले. बाया म्हणाल्या, घरात माणूस गेलंय आणि ही कुठे चालली. पण उलटं पाणी सोडलं नसतं तर मेम्ब्रेन बुजली असती आणि पाणी तसंच नाल्यात वळवलं गेलं असतं. शुक्रवारी मी परत आले तेव्हा ओसरीचा कोपरा रिकामा होता.

आपल्याकडे माणूस गेलं की त्याच्या वापरातलं गरजूंना देतात. बाबांनी तुझी लुगडी दिली, छत्री दिली, डब्यातले गहू दिले.

"बाबा, इथलं पोतं?"

"कोनतं?"

"ढेपेचं."

"थे? द्रौपदाबाईले देलं. तिच्या बकऱ्यायले होईन. शालूच्या हातचं म्हनून रडली बिचारी."

मी पळाले. आत्या, ती गल्ली केवढीशी आहे, दहा घरं. ती संपेना. द्रौपदाबाई अंगणात घमेल्यात कोंडा कालवत होती आणि वरून तुझ्या पोत्यातले तुकडे चुरत होती. दोन्ही बकऱ्या मान लांबवून उभ्या. तू दिलेली पाठ आता गाभण आहे. तिच्या तोंडाला पिठूळ काहीतरी लागलेलं होतं. मी घमेलं लाथेने उडवलं.

"पागल झाली का वो! अन्नाले लाथ मारतं?"

"खाल्लं का तिनं? द्रौपदामावशी, खाल्लं का?"

"चाटलं असंन थोडंसं. काऊन?"

मी सगळं सांगितलं, अंगणात, उभ्याने, बाया जमल्या होत्या त्यांच्यासमोर. यीस्ट, शिसं, ताट, मागची बकरी. आत्या सांगणार होती, मी सांगू दिलं नाही, हेही. मला वाटलं ती मारेल. तिने मारावं असं वाटत होतं.

ती खाली बसली. तिचा हात कोंड्याने भरलेला होता. तो तिने लुगड्याला पुसला.

"म्हंजे पन्नी नोती खाल्ली तिनं?"

"नाही."

"माह्या सुनेनं पन्नी फेकली म्हून खाल्ली, असं मी तिले सालभर बोलली. चार माणसांत बोलली. दिवाळीले मायेरी गेल्ती, ती रडत गेल्ती."

आत्या, हे तुला माहीत होतं का? मला नव्हतं. मी शेड, नाला, वस्ती, मागणी, सगळ्याचा हिशेब मांडला होता. त्या घरातली सून माझ्या हिशेबात कुठेच नव्हती. बारा महिने एका मुलीने न केलेल्या चुकीचं ऐकून घेतलं आणि त्या बारा महिन्यांत मी न्यायावर तीन पत्रकं काढली.

ढोरांचा डॉक्टर येऊन गेला. औषध दिलं, दूध कोणाला देऊ नका म्हणाला, लक्ष ठेवा म्हणाला. काल पाठ रवंथ करत होती. आज सकाळी ती पाणी प्यायली. अजून मला धीर येत नाही. मी दिवसातून चार वेळा जाऊन तिच्या दातांचा आवाज ऐकते.

शेठपर्यंत कुणकुण गेलीच. शनिवारी त्याचा माणूस आला. "बाई गेल्या. आता त्या ड्रमाची जिम्मेदारी कोनाची? मंगळवारी सकाळी काढून न्या, नाईतर आमी काढतो." त्याच्याकडे अजून ऐकीव गोष्ट आहे, पुरावा नाही. बाबांचं म्हणणं एवढंच आहे. "द्रौपदाबाईले सांगितलं नं तुनं? झालं. आता छापील कागद आपल्या हातानं त्याले काऊन द्याचा? उद्या थो हेच पत्रक सायबाच्या टेबलावर ठेवन. शालूनं जन्माची मेहनत केली, तिच्या पुण्यानुमोदनात तिचीच चूक छापून वाटतं का?"

मी म्हणाले, ड्रम चालू राहिले तर पुन्हा नवं पोतं भरणार आहे. ते उचलणाऱ्याला कळायला नको?

"तोंडी सांग."

"तोंडीच ठेवलं होतं, बाबा. आत्याच्या आणि माझ्या तोंडात."

तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. त्यांचंही चुकत नाही, हेच मला खातंय. ड्रम गेले तर तो नाला पुन्हा तसाच होईल आणि त्याचं कारण माझा एक परिच्छेद असेल. तू असतीस तर एका वाक्यात सोडवलं असतंस. किंवा नसतं सोडवलं, आणि तरी सांगायला गेली असतीस.

मी हे इथपर्यंत लिहिलं आणि दारात द्रौपदाबाई उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. बाबांसमोर बसली.

"भाऊ, पत्रकात लिवलं म्हन्ते माह्या बकरीचं. वाचून दाखवा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागद उचलला. तिला वाचता येत नाही, नाही म्हणायलाही काही कारण नव्हतं. ते वाचू लागले. ताट, पोतं, चिठ्ठी. 'ही गोष्ट एक वर्ष लपवली गेली, ती लपवण्याचा आग्रह माझा होता.' बाबांचा आवाज सभेतला असतो, तू जाणतेस. तो तसा निघेना. 'या कचऱ्यामुळे शेजारची एक बकरी दगावली,' इथे तिने त्यांना थांबवलं.

"एक बकरी काय? नाव होतं तिले. रूपा."

बाबांनी कागद खाली ठेवला.

"लिवा नं. रूपा. अन माह्या सुनेचंबी लिवा, का तिचा काई कसूर नोता. ममता नाव हाये तिचं. चार माणसांत बोलली मी, आता चार माणसांत वाचलं पाह्यजे."

बाबा म्हणाले, "बाई, हे छापलं तर थो शेठ ड्रम काढते. नाल्याचं पानी—"

"थो तसाबी काढते." ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यात माफी नव्हती, मी शोधली होती. "मले त्या ड्रमाचं दाखवजो. कोनता कॉक कवा फिरवाचा थे. माह्या बकऱ्या त्याच नाल्यावर जातेत. अन पोत्यावर काय लिवाचं थे मी सांगन, तू नोको सांगू."

ती गेली. बाबांनी पेन मागितलं. 'एक बकरी' खोडून वर 'रूपा' लिहिलं, पुढे ममताचं वाक्य त्यांच्या शब्दांत घातलं, आणि कागद घेऊन स्वतःच छपाईवाल्याकडे निघाले. दारात थांबून म्हणाले, "वरती 'निष्ठेने सेवा' लिवलं थे काढून टाकतो. काचा धुतल्या, असंच लिवतो."

उद्या सकाळी सात वाजता शेठची माणसं ड्रम काढायला येणार आहेत. द्रौपदाबाई सहालाच ड्रमापाशी पोचते असं जाताना म्हणाली, ममताला घेऊन.